दसऱ्याच्या चार मुशी

“काकू, इकडे या. हे बघा, तुमचं नाव.”

गंधालीनं लॅपटॉप टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला. पद्मिनीनं ओले हात पदराला पुसले, डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि वाकून पाहिलं. सगळं इंग्रजी होतं. पण स्वतःचं नाव ओळखता यावं एवढी इंग्रजी ती शिकली होती. पद्मिनी नंदनवार. पुढेमागे बारीक अक्षरांत बरंच काही.

“काय लिहिलं आहे वो मॅडम?”

“लिहिलंय की, ज्यांनी या कामासाठी सगळ्या मुशी स्वतःच्या हातानं घडवल्या, त्या श्रीमती पद्मिनी नंदनवार यांचे आम्ही मनापासून आभारी आहोत. छापून येणार, काकू! सोमवारी पेपर पाठवून देते.”

पद्मिनीनं पुन्हा एकदा त्या नावाकडे पाहिलं. तिचं नाव आजवर दोनदाच छापून आलं होतं, एकदा लग्नपत्रिकेत आणि एकदा नवरा गेला तेव्हाच्या पत्रिकेत. तिसऱ्यांदा ते असं, कोणाचं काही न होता, नुसत्या हातच्या कामासाठी छापलं जाईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

“आणि हा तक्ता तेवढा चेक करून द्या ना. चार स्फटिक, चार मुशी. नंबर मी बुडाखालचे वाचून लिहिलेत. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. बरोबर?”

“बरोबर,” पद्मिनी म्हणाली, आणि वळून परत मोरीशी गेली. नळ सोडला. पाण्याखाली धरलेलं चंचुपात्र ती किती तरी वेळ धूतच राहिली. त्या चार मुशी दसऱ्याच्या होत्या.

मूस म्हटली की आपल्याला सोनार आठवतो. पद्मिनीच्या मुशी त्याच जातीच्या, वाटीएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. फक्त त्यांत सोनं वितळत नसे. रायपूरच्या त्या प्रयोगशाळेत त्यांत एक काळा रस वितळवत आणि मग तीन-तीन आठवडे इतका हळूहळू थंड करत, की त्यात काळे चकचकीत स्फटिक धरावेत. हे स्फटिक अतोनात थंड केले की वीज त्यांतून कुठेही न अडखळता जाते. किती थंडीला अडखळणं थांबतं, तो आकडा म्हणजे स्फटिकाची पत. चांगला स्फटिक ब्याण्णवला पास होतो. हे अंश जगातल्या सगळ्यात खालच्या थंडीपासून वर मोजलेले, त्यामुळे आकडा मोठा तेवढा माल चांगला, एवढं पद्मिनीला ठाऊक होतं.

अडचण होती ती रसाची. तो मोठा खादाड. साध्या चिनी मातीची मूस तो आतून खातो, आणि खाल्लेलं स्फटिकात उतरून त्याची पत बिघडवतं. त्याला दाद देत नाही ती एकच भुकटी, बेरियम झिर्कोनेट नावाची. तिच्या मुशी बाहेरून मागवायच्या तर सहा-सहा महिने वाट पाहावी लागे. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, पुराणिक सरांनी, त्या इथेच करायचं ठरवलं. भुकटी पाण्यात कालवून पातळ घोल करायचा, प्लास्टरच्या साच्यात ओतायचा, कडेला थर धरला की उरलेला ओतून टाकायचा. सांगायला सोपं. सरांच्या मुशी मात्र वाळतानाच तडकत. वर्षभर तडकत राहिल्या.

पद्मिनी तेव्हा तिथे काचसामान धुवायला होती. तिचा नवरा शालिग्राम इथलाच भट्टीवाला. तो हृदयविकारानं गेला आणि अनुकंपेवर तिला ही नोकरी मिळाली. एक दिवस ती सरांच्या मागून वाकून घोलाकडे बघत होती. न राहवून बोलून गेली, “सर, हे तं इडलीचं झालं. हे चिल्याच्या, धिरड्याच्या घोलासारखं पाहिजे. चमचा उचलला का धार नाही तुटली पाहिजे.”

दुसरा कोणी साहेब असता तर म्हणाला असता, बाई, तुम्ही आपली भांडी घासा. पुराणिक सरांनी चमचा तिच्या हातात दिला. त्या आठवड्यातल्या सहा मुशींपैकी पाच शाबूत निघाल्या, आणि तेव्हापासून मुशी पद्मिनीच्या झाल्या. ओल्या असतानाच ती प्रत्येकीच्या बुडाखाली बांबूच्या काडीनं नंबर कोरायची. चमच्याची ती गोष्ट आठवली की आजही तिचे हात आपोआप जोडले जात.

सर मूळचे रायपूरच्याच बुढापारा मोहल्ल्यातले. भोसल्यांच्या काळात आलेल्या घरातले, पण देवधर्माचं फारसं वेड नसलेले. दसऱ्याला भट्टीची पूजा करायची ती सगळ्या खात्यांत करतात म्हणून. यंदा काय झालं, तर पूजेची थाळी घेऊन उभे असतानाच भट्टीच्या तापमानाचा काटा हलायला लागला. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारी पद्मिनी होती तिच्या हातात थाळी दिली. “मुशी तुमच्या आहेत, पद्मिनीबाई. तुम्हीच करा.” आणि ते काट्याकडे धावले.

सर काही समाजसुधारक नव्हते, घाईत होते. पण पद्मिनीच्या दृष्टीनं तेच मोठं होतं. कोणी उपकार म्हणून, चारचौघांना दाखवायला म्हणून थाळी दिली असती तर ती संकोचून गेली असती. सरांना फक्त मुशी कोणाच्या ते आठवलं. ती विधवा आहे हे आठवलंच नाही. शेजारी सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी गंधाली उभी होती, मे महिन्यातच लग्न झालेली, नवी कोरी साडी नेसलेली. तीसुद्धा सहज म्हणाली, “हां काकू, करा ना.”

अकरा वर्षांनी पद्मिनीनं कुंकवात बोट बुडवलं. भट्टीला लावलं, साच्यांना लावलं. मग धुऊन-भाजून तयार ठेवलेल्या चार मुशी समोर होत्या. रिकामं भांडं पूजेत ठेवू नये, हे तिला आईनं शिकवलेलं. म्हणून प्रत्येक मुशीत तिनं अक्षता टाकल्या, हळद वाहिली, आणि ओल्या कुंकवाचं बोट आत, बुडाशी टेकवलं. एवढ्यावर भागलं नाही. आतून काठाला चारी बाजूंनी एकेक बोट लावलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुशी नियमाप्रमाणे पुन्हा आम्लाच्या पाण्यानं धुवायच्या, कोऱ्या भाजायच्या. पण पूजेचं कुंकू असं लगेच मोरीत धुऊन टाकायला तिचा हात धजेना. तिनं अक्षता वेचून घेतल्या, कोरड्या फडक्यानं सगळं पुसलं. आत किंचित गुलाबी झाक राहिली. ती भट्टीत जळून जाईलच, असं तिनं मनाशी म्हटलं आणि रजिस्टरात ‘धुतली’ या रकान्यात चार खुणा केल्या.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी ती तात्यापाऱ्यात मोठ्या जावेकडे, शांताबाईंकडे, सोनं द्यायला गेली होती. आनंद पोटात मावेना, म्हणून सांगून टाकलं. शांताबाईंनी आपट्याची पानं घेतली, डोक्याला लावली आणि मग त्यांचा चेहरा बदलला.

“थाळी तुह्या हातात? अन् तू घेतली? काहून घेतली वो?”

“सरांनीच देल्ली, वहिनी.”

“सर देतीन. त्यायले काय. उद्या काही बिघडलं तं कोणाच्या नावानं बोंबलतीन लोक? तुह्याच नं?”

शांताबाई दुष्ट नव्हत्या. शालिग्राम गेला तेव्हा महिनाभर पद्मिनीच्या तोंडात घास त्यांनीच घातला होता. मीनलच्या शाळेची वेणीफणी त्यांनीच केली होती. त्या उपकारांची जाण होती म्हणूनच पद्मिनी काही बोलली नाही. पण ते वाक्य कुसळासारखं आत रुतून बसलं, आणि आज गंधालीनं चार आकडे वाचून दाखवताच नेमकं तिथेच दुखलं.

कारण गंधालीच्या पेपरात आनंदाची गोष्ट ती काय होती, तर चारही स्फटिकांचा आकडा ब्याण्णवऐवजी चौऱ्याऐंशी आला होता. दिवाळीपासून ती रस नव्या पद्धतीनं, आणखी सावकाश थंड करत होती. सावकाश थंड केल्यानं स्फटिकाचा गुणच बदलतो, असा तिचा दावा होता, आणि हे आजवर कोणी लिहिलेलं नव्हतं. तिच्या तीन वर्षांच्या अभ्यासातलं हे पहिलं स्वतःचं असं काही. आणि पद्मिनीला मात्र डोळ्यांसमोर ती गुलाबी झाक दिसत होती.

संध्याकाळी घरी तिनं मुलीला सांगितलं. मीनल बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतून.

“तो बता दो ना मम्मी. छप गया और बाद में गलत निकला, तो दीदी की कितनी बेइज्जती होगी.”

“सांगीन नं. पण मंग सगळे काय म्हनतीन? बाईनं कुंकवाले हात लावला अन् पोरीचं काम नासलं.”

“कौन बोलेगा? ताईजी?”

पद्मिनी भाजी निवडायला लागली. मीनलला काय सांगणार, की ताईजी, म्हणजे शांताबाई, तर बोलतीलच, पण त्यांच्या आधी आपणच बोलून राहिलो आहोत. दुपारपासून डोक्यात दुसरं काही नव्हतं. आपल्या हाताला जे लागतं ते बिघडतं की काय? शालिग्राम गेला तेव्हाही एका म्हातारीनं असंच काहीसं म्हटलं होतं. शहाण्या माणसानं असलं मनावर घेऊ नये. पण मन शहाणं असतं तर मग काय हवं होतं!

खरं तर गप्प राहणं अगदी सोपं होतं. रजिस्टरात खुणा होत्या. मुशी फोडल्याशिवाय स्फटिक निघत नाहीत, त्यामुळे चारही मुशींचे तुकडे कधीच कचऱ्यात गेले होते. विचारणार कोण? नाव छापून आलं असतं. पण तेच तर तिला झेपेना. ज्या पोरीनं आपले आभार मानले, तिला आपणच खड्ड्यात जाऊ द्यायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं.

सकाळी सर आणि गंधाली दोघं पेपरावर शेवटची नजर फिरवत बसले होते. पद्मिनी रजिस्टर घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

“सर, त्या चार मुशी मी धुतल्या नाही.”

“कोणत्या?”

“एक्केचाळीस ते चव्वेचाळीस. पूजेच्या. आतमधी कुंकू होतं. मी नुसतं कपड्यानं पुसलं. हे खुना केल्या नं, हे खोट्या आहेत.”

 सरांनी पेन उचललं.

“ओलं की कोरडं?”

“ओलं, सर. पाण्यातलं.”

“तेल होतं का त्यात?”

“नाही.”

“किती बोटं?”

“बुडाशी एक.” ती थांबली. “अन् काठाले आतून चार.”

“चार कशाला?”

“मन भरून आलं होतं, सर.”

सरांनी वहीत ‘पाच बोटं’ असं लिहिलं. गंधाली उठली आणि बाहेर निघून गेली. तिच्या मागे दार हलत राहिलं. पद्मिनीनं रजिस्टर टेबलावर ठेवलं. 

“सर, चुकलंच माहं. थाळी मी घ्यायलेच नाही पाहिजे होती. माह्यासारख्या बाईचा हात लागला, म्हनून…”

सरांनी चष्मा काढला. त्यांच्या बहुधा आत्ता कुठे ध्यानात आलं की दसऱ्याला आपण कोणाच्या हातात काय दिलं होतं.

“पद्मिनीबाई, कुंकू कशाचं करतात?”

“हयदीचं.”

“नुसत्या हळदीचं? मग लाल कसं होतं?”

“हयदीत चुना…” असं म्हणता म्हणता पद्मिनीचा आवाज बारीक झाला.

“चुन्यात कॅल्शियम असतं. बाजारच्या कुंकवात तर खडूही असतो. ते या स्फटिकात थोडंसं शिरलं तरी आकडा खाली येतो, हे तीस वर्षांपूर्वीच लोकांनी लिहून ठेवलंय. मुशीच्या बारीक छिद्रांत ते मुरलं, रंग जळाला, चुना राहिला. बस. आणि वापरायच्या मुशी पूजेत मांडू दिल्या मी, मला हे कळायला हवं होतं. तुमच्याआधी चूक माझी आहे.”

पद्मिनीनं मान हलवली. डोक्याला पटलं होतं. पण सर चांगले आहेत, ते असंच म्हणणार, हेही त्याच डोक्यात होतं.

दहा मिनिटांनी गंधाली परत आली. तोंड धुतलेलं होतं, पण नाक लालच होतं. ती सरळ पद्मिनीजवळ आली आणि तिनं तिचे दोन्ही हात धरले.

“काकू, सोमवारी पाठवून दिला असता मी. मग कोणी तरी करून पाहिलं असतं आणि त्याचा ब्याण्णव आला असता. कुठे तोंड लपवलं असतं मी? थँक्यू, काकू. खरंच.”

“तुमचं तं सगळं गेलं नं, मॅडम.”

“गेलं. जाऊ द्या.” तिनं नाक पुसलं. “खोटं होतं ते गेलं. आता परत बघू. सर, कन्फर्म करावं लागेल. नवीन मुशी, तशाच सावकाश थंड करू. एक कोरी, धुतलेली. एक कुंकवाची, काकूंच्या हातची.” मग जरा थांबून, कोणाकडेही न बघता ती म्हणाली, “आणि एक कुंकवाची, माझ्या हातची.”

“ती कशाला?” सर म्हणाले. “दोन पुरेत.”

“माणूस बदलून बघायला नको, सर? नाही तर फरक कुंकवानं पडला की लावणाऱ्यानं, ते कसं कळणार?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पद्मिनीकडे पाहिलं. त्यांना समजायला क्षणभर लागला.

“हव,” ते म्हणाले. “बघायलाच पाहिजे.”

मुशी पद्मिनीनंच ओतल्या, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. वाळवून, भाजून, धुऊन झाल्यावर त्याच डबीतलं कुंकू त्याच पाण्यात कालवलं. सेहेचाळीसला पद्मिनीनं पाच बोटं लावली.  सत्तेचाळीसला गंधालीनं लावली, आणि पोरीला सवय नसल्यानं बचाबच लावली. “मॅडम, जरा हलक्या हातानं,” पद्मिनी म्हणाली, तोवर व्हायचं ते झालं होतं. तिन्ही मुशी एकाच भट्टीत शेजारी शेजारी ठेवल्या आणि दार लावलं.

आता खरी परीक्षा होती ती पद्मिनीची. चुन्याची गोष्ट तिला कळत होती. पण समजा, गंधालीच्या हातची मूस ब्याण्णव देऊन मोकळी झाली, आणि आपली तेवढी चौऱ्याऐंशीला अडली, तर? मग कोण कोणाला काय समजावणार? रोज सकाळी आली की ती आधी भट्टीच्या काट्याकडे बघे, मग चप्पल काढी. रविवारी शांताबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायला जाई तेव्हा त्या विचारीत, “काय वो, सुकून राहिली तू? काही झालं का?” पद्मिनी म्हणे, “काही नाही, वहिनी. काम आहे भट्टीचं.” आणि तेल जिरवत राही. आपलं दुखणं खुपणं विचारणारं माणूस आहे, हेही काही कमी नाही, असं तिला त्याही दिवसांत वाटे.

चार आठवड्यांनी भट्टी उघडली. मुशी फोडल्या, स्फटिक निघाले. मग ते प्राणवायूत भाजण्यात आणखी दहा दिवस गेले. मोजायच्या दिवशी पद्मिनीनं एकादशी नसताना उपास धरला आणि कोणाला सांगितलं नाही.

आधी कोऱ्या मुशीतला स्फटिक लावला. ब्याण्णव. म्हणजे सावकाश थंड करण्यानं काहीच होत नव्हतं, गंधालीचं ते प्रकरण कायमचं मिटलं. ती फक्त “ओके” म्हणाली आणि पुढचा स्फटिक चिमट्यानं उचलला. तो सेहेचाळीसचा. पडद्यावरची रेघ चालत राहिली, चालत राहिली आणि साडेचौऱ्याऐंशीला धपकन खाली आली. पद्मिनीनं डोळे मिटून घेतले.

“आता माझा,” गंधाली म्हणाली.

तो चढवून, थंड करून, मोजून होईपर्यंत दीड तास गेला. सर मध्येच वर्ग आटपून आले आणि दारातच उभे राहिले. पद्मिनी मोरीशी उभी होती, धुतलेलीच भांडी पुन्हा विसळत. तिला पडद्याकडे बघायची छाती नव्हती.

“काकू!” गंधाली ओरडली. “ब्याऐंशी! माझा तर तुमच्याहून खराब आला!”

पद्मिनी वळली. गंधाली चक्क हसत होती. चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेलेली ही पोरगी, आणि स्वतःचा आकडा वाईट आला म्हणून हसत होती.

“तुम्ही लय भरभरून लावलं होतं नं,” पद्मिनी कसंबसं बोलली. “मी सांगून राहिली होती, हलक्या हातानं.” आणि मग तिथेच मोरीच्या कठड्याला टेकून ती रडायला लागली. अकरा वर्षांत ती कोणासमोर रडली नव्हती. सर गडबडले, त्यांनी स्टूल पुढे ओढलं, आणि मग काय करावं ते न सुचून नळ बंद केला.

गंधालीनं वही ओढली. तारीख घातली, तीन मुशींचे नंबर, तीन आकडे, आणि खाली इंग्रजीत एक ओळ लिहिली.

“काय लिहिलं आहे वो मॅडम?” पद्मिनीनं पदरानं तोंड पुसत विचारलं.

“आकडा कुंकवामुळे उतरतो. ते कोणाच्या हातानं लावलं, त्यानं काही फरक पडत नाही.”

“अजून एकदा वाचा बरं.”

गंधालीनं पुन्हा वाचलं. पद्मिनी पुढे आली, वहीवर वाकली, आणि त्या इंग्रजी ओळीवर ओलं बोट लागणार नाही अशा बेतानं बोट धरलं.

“आता सावकाश वाचा,” ती म्हणाली.